काल नऊ

रसूल नालबंदाला माणसांचे चेहरे लवकर आठवायचे नाहीत, पण बैलाचा खूर एकदा मांडीवर घेतला की तो कायमचा ध्यानात राहायचा. पलूस आणि भोवतालच्या दहा-बारा गावांत बैलांना पत्र्या मारायचं काम त्याच्या आज्यापासून त्यांच्या घरात चालत आलेलं. डांबरी सडकेवर बैलाचे खूर झिजतात, म्हणून खुराच्या प्रत्येक फाकेला एक लोखंडी पत्री, चार पायांना मिळून आठ. बैल दोरीनं अलगद आडवा पाडायचा, पाय बांधायचे, खूर तासून सारखा करायचा, पत्री बसवायची आणि बारीक खिळे असे ठोकायचे की ते खुराच्या मेलेल्या भागातून बाहेर निघावेत. सांगायला एवढंसं. पण नख काढताना कडेचं मांस कापलं की आपल्या डोळ्यांत कसं पाणी उभं राहतं! इथे तर खिळा चुकला की लोखंड आतच राहतं आणि त्यावर अख्खा बैल उभा राहतो.

खिळा नीट चाललाय का, हे रसूल कानानं ओळखायचा. कोरड्या खुरात खिळा टणटणीत बोलतो. आत मांसाकडे वळला की आवाज बसतो, कच्च्या मडक्यावर टिचकी मारल्यासारखा.

ट्रॅक्टर आले तशी बैलं कमी झाली. नालबंदांच्या घरातली पोरं कुणी वेल्डिंगला लागली, कुणी पुण्याकडे गेली. रसूल राहिला, कारण त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि खरं म्हणजे दुसरं काही आवडतही नव्हतं. त्याच्या दुकानाला पाटी नव्हती, मुळात दुकानच नव्हतं. जुन्या दुचाकीला अडकवलेली एक पिशवी आणि लोकांच्या तोंडातलं एक वाक्य, एवढंच त्याचं भांडवल. ‘रसूलनं पत्री मारल्याला बैल लंगडत न्हाई’, हे ते वाक्य.

आणि एक त्याची लेक, शाझिया.

शाझियाचं कसं कळलं, तेही सांगायला हवं. ती चार वर्षांची असताना बायकोला, आबेदाला ताप होता, म्हणून रसूल पोरीला बरोबर कामावर घेऊन गेला. बैल पाडला तर तो काही केल्या स्वस्थ पडेना. चौघांनी दाबून धरला तरी हिसके देतोय. शाझिया त्याच्या तोंडापाशी उकिडवी बसली होती. म्हणाली, “अब्बा, त्याच्या पोटाखाली दगड हाय. टोचतोय म्हंतोय.”

बैलाला जरा कलता केला, तर खाली लिंबाएवढा दगड. रसूलला वाटलं, पोरीनं आधी बघितला असेल. पण पुढे एकदा दोरी शेपटीच्या मुळाशी काचते हे निघालं, एकदा कानात गोचीड निघाली. मग घरात कोंबड्यांच्या तक्रारी येऊ लागल्या.

“अम्मी, तांबडी म्हंती, कालचा भरडा कुबट हुता.”

आबेदानं सुपातला भरडा नाकाशी नेला. खरंच कुबट होता. ती मटकन खाली बसली. “आवं,” ती रसूलला म्हणाली, “ह्यातलं भाईर कुणाला सांगू नका. कोण लिंबू घिऊन यील, कोण कॅमेरा घिऊन यील. पोरगी शाळंला जायची ऱ्हाईल.”

तेव्हापासून घरात कायदा झाला, ऐकायचं सगळ्यांचं, सांगायचं फक्त अम्मी-अब्बाला. पोरीच्या जातीला जेवढा पाळता येईल तेवढा शाझियानं तो पाळला. लोक एवढंच म्हणायचे, “रसूलची पोरगी गुणाची हाय, जनावर ऐकतंय तिचं.”

तसं बघितलं तर जनावरं काही मोठ्या गोष्टी सांगत नाहीत. शेळी धादांत खोटं बोलते. तोंडात पाला असतानाच ‘सकाळपासनं उपाशी हाय’ म्हणते. मांजर विचारलेल्याला उत्तर देत नाही. कावळे फक्त दुसऱ्यांविषयी बोलतात. बैल मोजकं बोलतात आणि तेही कामापुरतं. मे महिन्यात शाझिया आजोळी, मेढ्याला जायची. तिथल्या डोंगरातल्या म्हशी इतक्या सावकाश बोलायच्या की सकाळी सुरू केलेलं वाक्य धार काढायच्या वेळेला संपायचं. पण कळायचं सगळं. एखाद्या जनावराचं बोलणं आपल्याला कळणारच नाही, असं शाझियाच्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. आता ती नऊ वर्षांची होती, चौथीत.

भिलवडीच्या वाटेवर, सडकेला लागूनच जवाहर पाटलांचा मळा. जैन घर, माणसं देवभोळी आणि जनावरांना जपणारी. घरात ट्रॅक्टर होता, तरी जवाहरआण्णांना दारात खिलार बैलांची जोडी लागायची. यंदा त्यांनी सीमेपलीकडून, अथणीच्या बाजूनं नवा बैल आणला. पांढराशुभ्र, शिंगं सरळ आभाळात गेलेली. त्याचं नावही तिकडूनच आलं होतं, बसवा.

आणल्यावर दोन दिवसांनी रसूलनं त्याला पत्र्या मारल्या. वार होता बुधवार, शाझिया शाळेत. सात पत्र्या झटपट झाल्या. आठवी पुढच्या उजव्या पायाची. तिच्या शेवटच्या खिळ्याला आवाज बसला. टण, टण, आणि मग एकदम थप्प. बैलानं अंग झटकलं. रसूलचा हात थांबला. खिळा काढून परत मारावा का? पण नुकतंच बैलाला धुतलं होतं, खूर ओला होता, त्यामुळेही आवाज बसला असेल. उन्हं चढली होती, पुढे कुंडलला दोन बैल वाट बघत होते. रसूलनं खिळ्याचं टोक मुरगाळलं आणि दोरी सोडली. बैल उभा राहिला, गोठ्यात चार पावलं चालला. सरळ चालला.

चौथ्या दिवशी जवाहरआण्णांचा फोन. “रसूल, आरं बैल बसतोय रं.”

“बसतोय म्हंजी?”

“मळ्यात दिवसभर चालतोय. पर गाडीला जुपून सडकंला लागला की ईस-पंचवीस पावलं जातोय आनि खाली बसतोय. डॉक्टर येऊन बघून गेला. ताप न्हाई, पोट बराबर हाय.”

रसूलला तो शेवटच्या खिळ्याचा आवाज आठवला. “बघतो की आण्णा,” म्हणाला आणि बघायला काही गेला नाही. रोज उठून ठरवायचा, आज जाऊ. रोज काहीतरी आडवं यायचं. भाकरीचा तुकडा तोंडात घोळायचा, पण गळ्याखाली उतरायचा नाही. आबेदानं दोनदा विचारलं, तर म्हणाला, दाढ दुखतेय.

इकडे गावाला करमणूक झाली. “नावच बसवा ठिवल्यावर बसंल न्हाई तर काय पळंल व्हय?” असं म्हणून लोक सडकेवर थांबून हसायचे. काम टाळायला खाली बसणाऱ्या बैलाला लोक ‘बसका’ म्हणतात आणि एकदा बसका म्हटलं की त्या बैलाला कुणी दारात उभं करत नाही.

पहिल्या फोनपासून आठव्या दिवशी आण्णांचा पुन्हा फोन. “रसूल, उद्या आयतवार हाय. पोरीला घिऊन ये. तिचं जनावर ऐकतंय म्हंत्यात. न्हाई जमलं तर सोमवारी टेंपो बोलावून त्येला परत धाडतो बघ. मन व्हईना, पर काय करू?”

रविवारी सकाळी रसूल शाझियाला मागे बसवून निघाला. वाटेत दोनदा त्याच्या तोंडावर आलं होतं, ‘शाजू, बैल पायाचं कायतरी बोलला तर आधी मला सांग.’ दोन्ही वेळा त्यानं नुसता हॉर्न वाजवला. पोरीला खोटं बोलायला शिकवायचं? पण तिनं चारचौघांत ‘पाय’ म्हटलं, तर लोकांच्या तोंडातलं ते एकच वाक्य उद्यापासून उलटं फिरणार होतं.

मळ्यात जवाहरआण्णा होते, त्यांचा थोरला भरतेश होता आणि त्यांच्याकडे वीस वर्षं बैलांचं काम करणारा धुळा होता. शाझियानं चपला बाहेर काढल्या, गोठ्यात गेली आणि बसव्याच्या गळ्याखालच्या लोंबत्या पोळीवर हात ठेवला. हळू आवाजात काहीतरी विचारलं. बैलानं एक कान तिच्याकडे वळवला. नाकातून लांब श्वास सोडला.

शाझियाच्या कपाळाला आठी पडली. तिनं पुन्हा विचारलं. मग घरचा कायदा विसरून, मागे वळून म्हणाली, “काल नऊ म्हंतोय.”

“काय?”

“काल. नऊ. दोनच शब्द. सारखं तेच म्हंतोय.”

रसूलनं इतका वेळ कोंडलेला श्वास सोडला. काल नऊ! पाय नाही, खूर नाही, पत्री नाही. काल नऊ वाजता तो पलूसला स्वतःच्या ओट्यावर बसून चहा पीत होता. कालच्या नवाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्याला हसू आलं.

“काल नऊ वाजता काय झालं म्हंतोय?” जवाहरआण्णांनी विचारलं. “सकाळचं का रातचं?”

शाझियानं विचारलं. “काल नऊ,” ती म्हणाली.

मग धुळानं डोक्यावरची टोपी काढली.

“आण्णा, लपवत न्हाई. काल सकाळी नवाला जुपायच्या आधी त्येला पाणी दावायचं हुतं. मी मोबाईलवर कुस्ती बघत ऱ्हायलो. तसाच तान्हेला जुपला.”

“वीस वर्सं झाली, धुळा तू...” आण्णा बोलायला लागले, तेवढ्यात भरतेश खाकरला.

“पप्पा, ते... जुपल्यावर सडकंला बसला तवा नऊच वाजलं हुतं. लोकं हसत हुती. मी त्येला चाबकाचं दोन फटकं दिलं.”

“चाबूक? आपल्या घरात?” आण्णांचा आवाज चढला. मग तो आपोआप खाली आला. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. “आनि रातचं नऊ म्हंत असंल, तर मग मीच. इथंच त्येच्या म्होरं हुबा ऱ्हाऊन मी व्यापाऱ्याला फोन केला, बैल परत घे म्हनून. त्येनं ऐकलं वाटतं.”

एका दिवसातल्या नवाच्या ठोक्यानं सगळ्या घराला कबूल करायला लावलं होतं. फक्त एक माणूस गप्प होता.

लगेच प्रायश्चित्त सुरू झालं. धुळानं बादलीभर गार पाणी आणलं. भरतेशनं गुळाचा खडा तळहातावर धरला. आण्णांनी बैलाच्या कपाळावर हात ठेवून सांगितलं, “न्हाई धाडत तुला परत. चुकलं.” बसवा पाणी प्यायला, त्यानं गूळही खाल्ला. मग गाडी जुंपली. सगळी वरात सडकेकडे निघाली. मातीच्या वाटेवर बैल ऐटीत चालला. डांबर लागलं. दहा पावलं. पंधरा. रसूल मनात मोजत होता. विसाव्या पावलाला बसव्यानं पुढचे गुडघे टेकले आणि सावकाश, काही चूक नसल्यासारखा, खाली बसला.

एक दुचाकीवाला थांबून बघू लागला.

“झालं!” भरतेश म्हणाला. “पानी झालं, गूळ झाला, माफी झाली. रसूलभाई, पोरीला आधी घड्याळ शिकवा.”

धुळासुद्धा हसला. शाझिया हसली नाही. ती बैलाच्या तोंडापाशी जाऊन बसली, पुन्हा काहीतरी विचारलं, पुन्हा ऐकलं. मग रसूलकडे आली. खालचा ओठ दातांत धरलेला.

“अब्बा, तो अजून तेच म्हंतोय. मला चुकीचं ऐकू यायला लागलंय का?”

रसूलनं तिच्याकडे बघितलं. कोंबड्यांपासून मेढ्याच्या म्हशींपर्यंत कधीही न चुकलेली पोर, आणि आता ती स्वतःच्या कानांवर संशय घेत होती. का, तर ज्याला बोलायला हवं होतं तो बाप तोंड शिवून उभा होता.

“न्हाई शाजू,” तो म्हणाला. “तू बराबर हायस. चूक माझी हाय.”

तो जवाहरआण्णांपुढे आला. “आण्णा, त्या बुधवारी पत्री मारताना शेवटच्या खिळ्याचा आवाज बसला. पुढचा उजवा पाय. मला तवाच शंका आली हुती. खिळा काढून परत मारायला पायजे हुता, न्हाई मारला. सडकंला डांबरावर अंगाचा सगळा भार पत्रीवर येतोय, म्हनून हितंच बसतोय त्यो. बैल बसका न्हाई.”

आण्णांनी त्या पायाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. “आठ दिस गप बसलास, रसूल?”

“भ्यालो, आण्णा.”

एवढंच बोलून तो दुचाकीकडे गेला आणि पिशवी घेऊन आला. बसव्याच्या पुढ्यात मांडी घातली, पुढचा उजवा पाय मांडीवर घेतला. पक्कड काढली. आता काय व्हायचं ते होऊ दे.

तेवढ्यात मळ्यातून गुणमालावैनी आल्या. जवाहरआण्णांची बायको. हातात ताकाची कळशी, काखेत पेले. सडकेवरची गर्दी बघून त्या थबकल्या.

“काय झालं? काय म्हनाला म्हने बैल?”

“काल नऊ म्हनाला,” भरतेश म्हणाला. “मम्मी, तू पन सांगून टाक, काल नऊला तू काय केलंस.”

वैनींनी कळशी खाली ठेवली. “अगं पोरी, जसंच्या तसं सांग बघू. त्येच्या तोंडातनं आलं तसं.”

शाझियानं डोळे मिटले. आवाज जाड केला, शब्द ओढले. “काऽलु... नोऽवु.”

गुणमालावैनींनी पदराचा बोळा तोंडात धरला. खांदे हलायला लागले. आधी वाटलं रडतायत, पण त्या हसत होत्या, इतक्या की एक पेला काखेतून घरंगळून सडकेवर वाजत गेला.

“अगो, कानडी बोलतोय त्यो!” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “कालु म्हंजी पाय. नोवु म्हंजी दुखनं. ‘पाय दुखतोय, पाय दुखतोय’ म्हनून ते बिचारं जनावर आठ दिस वरडतंय आनि तुमी घड्याळं बघत बसलाय!”

वैनींचं माहेर पलीकडचं, शेडबाळच्या बाजूचं. या घरात येऊन बत्तीस वर्षं झाली. कानडी आता फक्त बहिणीशी फोनवर. घरात कानडी येणारं माणूस आहे, हे नवरा-मुलगा विसरूनच गेले होते. बैलांकडे बायकांचं काम पडत नाही, त्यामुळे बसव्याची आणि त्यांची गाठ कधी पडलीच नव्हती.

शाझियाचा चेहरा उजळला. “म्हंजी मी चुकीचं न्हाई ऐकलं?”

“लय बराबर ऐकलंस. आमीच सगळी घड्याळाची.”

रसूलनं पक्कड खिळ्याला लावली होती. “पाय ह्योच हाय वैनी. मला ठावं हाय.”

“थांब रं जरा. आता बोलणारा हाय तर त्येलाच इचारू की, कंचा पाय.” वैनी पदर खोचून बैलापाशी खाली बसल्या. आवाज एकदम बदलला, माहेरच्या अंगणातला झाला. “बसवा, याव कालु? याव कालु, अप्पा?”

बसव्यानं मान वर उचलली. दोन्ही कान ताठ. आठ दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्याशी धड बोललं होतं. त्यानं घशातून लांब हुंकार काढला.

“हिंदी म्हंतोय कायतरी,” शाझिया म्हणाली.

“आता हिंदी पन?” भरतेशनं कपाळाला हात लावला.

“हिंदिन. मग यडगाल. म्हंजी येडं गाल?” शाझियानं बैलाच्या गालावरून काळजीनं हात फिरवला.

आता मात्र वैनींना आवरेना. “गालाला काय न्हाई झालं गं बाय! हिंदिन म्हंजी मागचा. यडगाल म्हंजी डावा पाय. मागचा डावा!”

रसूलच्या हातातली पक्कड तशीच राहिली. “मागचा? पुढचा उजवा न्हाई?”

“त्येचा पाय हाय, त्येला ठावं का तुला?”

रसूल उठला. गुडघ्यावर रांगतच मागच्या पायाकडे गेला. खूर मांडीवर घेतला. त्याच्या पत्रीचे खिळे बाहेरून सगळे जागच्या जागी होते. त्यानं ते एक-एक करून काढले. पत्री सुटली. अंगठ्यानं खूर दाबत तो बारीक बारीक सरकत गेला. एका जागी बसव्याचं अख्खं अंग शहारलं. रसूलनं तिथला खूर पातळ तासला आणि थांबला.

आत एक काळा ठिपका होता. त्यानं तो पकडीच्या टोकात धरला, श्वास रोखला आणि ओढला. बोटाच्या पेराएवढा गंजका खिळ्याचा तुकडा बाहेर आला, आणि त्यामागून काळसर पाण्याचा थेंब. बैलानं असा निःश्वास सोडला की समोर उभ्या धुळाचं धोतर हललं.

रसूलनं तुकडा तळहातावर घेतला. उन्हात फिरवून बघितला. खिळा चौकोनी होता, जाड डोक्याच्या घडणीतला. असले खिळे तो कधीच वापरत नव्हता.

“ह्यो माझा न्हाई,” तो हळूच म्हणाला. जणू स्वतःलाच सांगत होता. मग मोठ्यानं, “आण्णा, ह्यो पलीकडचा हाय. आधीची पत्री निघाली तवा आतच मोडून ऱ्हायलाय. पर...” तो थांबला. “पर नवी पत्री मारायच्या आधी मी खूर नीट तासून बघायला पायजे हुता. ते बी माझंच चुकलं.”

“आनि ती पुढची?” आण्णांनी विचारलं.

रसूलनं पुढच्या उजव्या पायाचा तो खिळा काढला. सरळ, कोरडा, स्वच्छ. मांसाच्या आसपासही गेलेला नव्हता. आवाज ओल्या खुरामुळेच बसला होता. ज्या खिळ्यानं त्याच्या घशाखालून आठ दिवस भाकरी उतरू दिली नाही, तो खिळा असा निर्दोष त्याच्या हातात पडला होता, आणि ज्याचा त्याला पत्ताही नव्हता, तो भलत्याच पायात बसला होता. रसूलला हसावं की रडावं कळेना. शेवटी दोन्ही झालं. त्यानं बाहीनं तोंड पुसलं.

जवाहरआण्णांनी कळशीतून पेला भरला आणि स्वतः त्याच्या हातात दिला. “पी. तोंड बघ कसं झालंय. आरं, आमी सगळ्यांनी कालचं कबूल केलं तवा तू बी बोलला असतास, तर तासभर आदुगर झालं असतं. पर बैलानं नाव घ्यायच्या आदी तू बोललास. ते मी ध्यानात ठिवीन.”

भरतेशनं एवढ्यात खिशातून मोबाईल काढला होता. “रसूलभाई, पोरीचा एक व्हिडिओ घेतो. कानडी बैल आनि...”

“ठेव त्यो खिशात,” गुणमालावैनी म्हणाल्या. “काल नऊला चाबूक हाणलास त्येचा बी घ्यायचा का?”

मोबाईल खिशात गेला.

कोमट पाण्यात मीठ टाकून पाय धुतला. तेलात हळद खलवून लावली, वर फडकं बांधलं. बसवा मातीच्या कडेनं हळूहळू मळ्यात गेला आणि गोठ्यात जाताच वैरणीत तोंड घातलं. पाच दिवस त्याला सडक दाखवायची नाही, असं रसूलनं बजावलं. हे पाचही दिवस तो सकाळी येऊन पाय बघून जायचा, शाळा सुटल्यावर शाझिया त्याच्याबरोबर परत यायची. ती आणि वैनी गोठ्याच्या ओट्यावर बसायच्या. वैनी एक शब्द सांगायच्या, शाझिया तो बसव्याला म्हणून बघायची. नीरु म्हणजे पाणी. हुल्लु म्हणजे गवत. बा म्हणजे ये. उच्चार चुकला की बसवा कान पाडायचा, असं शाझियाचं म्हणणं. वैनी म्हणायच्या, “माझी शेडबाळची आत्या अशीच हुती.” गोठ्यातून हसण्याचा आवाज यायला लागला, तेव्हा जवाहरआण्णाही एक दिवस कडेला पोत्यावर येऊन बसले आणि बत्तीस वर्षांनी बायकोला विचारलं, “भाकरीला काय म्हंता गं तुमी?”

शुक्रवारी रसूलनं फडकं सोडलं. जखम भरली होती, दाबलं तरी बैल हलला नाही. त्यानं खूर तासला, उजेडात धरून दोनदा बघितला, मग नवी पत्री मारली. प्रत्येक खिळा टणटणीत बोलला.

शनिवारी शाळा सकाळची होती. दुपारी गाडी जुंपली. सगळे पुन्हा सडकेला आले. बसव्यानं डांबरावर पहिलं पाऊल टाकलं. रसूल चाकाच्या बाजूनं चालत होता. दहा. पंधरा. वीस. एकवीस. बैल चालतच होता. पन्नासाव्या पावलाला रसूलनं मोजणं सोडलं आणि तिथेच थांबला. बसव्याला मात्र थांबायचं काही कारण नव्हतं. गाडी भिलवडीच्या दिशेनं लागली, घुंगरांचा आवाज लयीत पडायला लागला. मागच्या फळीवर पाय सोडून बसलेली शाझिया बैलाशी मोडक्यातोडक्या कानडीत काहीतरी बोलत होती आणि तिच्या शेजारी बसलेल्या गुणमालावैनी तिचे शब्द दुरुस्त करत होत्या.

“रसूल!” पुढून जवाहरआण्णांनी कासरा न आवरताच आवाज दिला. “सोमवारी ये रं! दुसऱ्या बैलाच्या बी पत्र्या बघून घे. आनि येताना जेवायचं ठरवून ये!”

“येतो की, आण्णा!” रसूल ओरडला. एवढ्या मोठ्यानं तो आठवड्याभरात बोलला नव्हता. गाडी वळणाला दिसेनाशी होईपर्यंत तो सडकेच्या कडेला उभा राहिला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपल्याला सपाटून भूक लागली आहे.